बिनशिट्टीचा कुकर

नाही, पण मला एक सांगा, झाकण उचलायचं कशाला? काय कारण? काचेचं झाकण आहे, आरपार दिसतंय, आत मटकी आहे, ती काय उठून बाहेर जाणार आहे का? पण नाही! येणारा उचलतो, जाणारा उचलतो, एकदा तर पाण्याचा फिल्टर बदलायला माणूस आला होता, त्याचा काय संबंध, तो फिल्टर सोडून इकडे वळला, "साहेब, हे काय नवीन?" म्हणाला आणि उचललं! मी इकडून ओरडतोय, अहो, झाकण उचलू नका! तुम्हाला सांगतो, या कुकरचं झाकण एकदा उचललं की आतली सगळी ऊब गेली, जेवण अर्धा तास पुढे. आणि आमच्याकडे सुरुवातीला ते ज्या हिशेबानं उचललं जायचं ना, त्या हिशेबानं रात्रीचं जेवण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मिळायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, हा माणूस एका झाकणासाठी एवढा का तापलाय? तापणारच! तुम्हाला माझा धंदा माहीत नाही. नाशिकच्या भांडीबाजाराच्या तोंडाशी दुकान आहे आमचं, कुकर रिपेअरीचं. रबर, व्हॉल्व्ह, हँडल आणि शिट्ट्या. मुख्य म्हणजे शिट्ट्या! अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सावळीराम कुकरवाल्यांनी, आयुष्यभर शिट्ट्या विकल्या. माझी शाळा शिट्टीवर, कॉलेज शिट्टीवर, माझं लग्नसुद्धा शिट्टीवर झालं... तसं नाही हो! शिट्ट्यांच्या कमाईवर झालं! तुम्ही लगेच कुठे जाता! अण्णा अजूनही रस्त्यानं चालता चालता मध्येच थांबतात, कान देतात आणि म्हणतात, "वरच्या मजल्यावरच्या बाईचं रबर गेलंय." अशा माणसाच्या घरात मी स्लो कुकर आणला. बिनशिट्टीचा. आणि आणला तो काही हौस म्हणून नाही.

आणला तो योगिनीसाठी. योगिनी माझी बायको. लग्नाआधी एका कारखान्याच्या लॅबमध्ये होती, मग आमची तेजस्विनी झाली, नोकरी सुटली, ती सुटलीच. तेजस्विनी आठवीत गेली तेव्हा हिला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये घेतलं. सहा महिने प्रोबेशन, काम जमलं तर कायम. सकाळी आठला कंपनीची बस, परत यायला संध्याकाळचे सात. पहिल्या दिवशी घरी आली ती चप्पल काढता काढता बोलायला लागली, हात धुताना बोलतेय, जेवताना बोलतेय, अमुक बेअरिंग, तमुक रिजेक्शन, साहेब असं म्हणाले आणि मी त्यांना असं दाखवून दिलं... मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी ऐकत बसलो. कारण ही बाई इतक्या वर्षांत इतकं कधी बोललीच नव्हती! मी तर समजत होतो हिचा स्वभावच अबोल आहे. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

पण मग स्वयंपाक? माझी आई, कुसाबाई, निफाडकडची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलेलं, "आजी, गॅसपुढे तास तास उभं राहायचं नाही." आईनं डॉक्टरांना तोंडावर "बरं" म्हटलं आणि घरी येऊन पहिलं काय केलं असेल? पुरणाला डाळ घातली! योगिनीनं ते पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आई, तुम्ही माझ्या नोकरीपायी गॅसपुढे उभ्या राहिलात, तर मी नोकरी सोडणार. तुमचा पाय अधू करून मला पगार नको." ही बोलायला मऊ आहे, पण एकदा बोलली की संपलं. आणि आई? आईला कोणी नको म्हटलं की तिला तेच करायचं असतं. दोघींच्या मध्ये मी. आणि मी काय केलं? घास चावता चावता बोलून गेलो, "स्वयंपाकाचं मी बघतो."

अण्णांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. तेजस्विनीनं मोबाइलमधून मान वर काढली. आई म्हणाली, "कोण बघतो?"

आता बोललो तर बोललो. पोळ्यांचं जमलं, गल्लीतल्या झुंबरबाई करून देतात. भाताचा कुकर अण्णांनी स्वतःहून घेतला, कारण त्यात शिट्टी आहे. राहिली भाजी-आमटी. मी सकाळी साडेनवाला दुकानात जाणार, रात्री साडेआठला येणार, मग भाजी कधी करणार? तेव्हा तेजस्विनी म्हणाली, "पप्पा, स्लो कुकर घ्या ना. सकाळी भरायचा, रात्री जेवायचं." मला वाटलं, अरे वा, हे तर आपल्यासाठीच काढलंय!

घ्यायला गेलो मेन रोडला. दुकानदार म्हणतो, "स्लो? साहेब, लोक फास्ट मागतात! मिक्सर दाखवू?" दुसरा म्हणतो, "राइस कुकर न्या, तो पण स्लोच आहे." तिसरा माझ्या ओळखीचा निघाला, तो नुसता हसला आणि म्हणाला, "अण्णांना माहिताय का?" म्हणून मग मोबाइलवरून मागवला. फोटोत शेजारी अख्खी कोंबडी ठेवलेली, म्हटलं चांगला मोठा दिसतोय. खोका आला तर त्यात कोंबडी सोडा, तिचं अंडं कसंबसं बसलं असतं! दीड लिटर! आम्ही पाच माणसं! परत पाठवला. मग मात्र बापलेकीनं बसून अभ्यास केला. लिटर किती ते फोटो बघून नाही, वाचून घ्यायचं. आतलं भांडं बाहेर निघणारं हवं, नाहीतर वायरीसकट नळाखाली धरणार का? आणि सतरा बटणांचा नको, कारण घरात अण्णा आहेत. एक गोल खटका, लो, हाय आणि गरम ठेवायचं, बस. लोकांचे रिव्ह्यू वाचले. एका बाईनं पाचपैकी पाच तारे देऊन लिहिलं होतं, "रंग सुंदर आहे." अगं बाई, रंग सुंदर आहे, पण त्यात काही शिजलं का, ते लिही ना!

आला एकदाचा. पाच लिटरचा, सिरॅमिकचं जाड भांडं, काचेचं झाकण. अण्णांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, झाकणावरून बोट फिरवलं. "शिट्टी कुठं बसवायची?" म्हटलं, अण्णा, याला शिट्टी नसते. "मग शिजलं हे कळतं कसं?" म्हटलं, वेळ झाली की शिजलेलं असतं. "सांगतं कोण?" कोणी नाही सांगत. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दुकान विकून टाकलंय. म्हणाले, "म्हणजे सगळं इस्वासावर?"

आणि तुम्हाला सांगतो, तोच तर घोळ होता! आपल्या माणसाला शिट्टी लागते. "तीन झाल्या की बंद कर गं," "अजून एक होऊ दे," आपलं अख्खं स्वयंपाकाचं शास्त्र शिट्टीवर. डाळ शिजली हे डाळ नाही सांगत, शिट्टी सांगते. आणि हा पठ्ठ्या तासन् तास गप्प! ना आवाज, ना वाफ. नुसता एक लाल दिवा.

पहिल्या दिवशी मटकी. मी काय करावं? आपण भाजी कशी सुरू करतो? फोडणीनं! मी त्या भांड्यात तेल घातलं, मोहरी घातली, खटका लोवर ठेवला आणि तडतडायची वाट बघत उभा राहिलो. उभा आहे, उभाच आहे. आई मागून म्हणते, "तडतडली का?" तडतडेल. "का रे, अजून नाय?" होईल गं! शेवटी दुकानाची वेळ झाली, वरून मटकी ओतली, आपण भाजीला घालतो तेवढं पाणी घातलं आणि गेलो. रात्री येऊन बघतो तर मटकी शिजलेली आहे, पण वर मोहरी! अख्खी! जशी घातली तशी, दिवसभर पोहून दमलेली! आणि पाणी? आटायला वाफ बाहेर जायला पाहिजे ना, ती जातेय कुठे, जेवढं घातलं होतं त्याच्यापेक्षा वाढलं होतं! अण्णा चमच्यानं ते वर काढतात, खाली सोडतात, वर काढतात. म्हणाले, "मटकीनं आंघोळ बरीक चांगली केली."

हरकत नाही. शिकलो. फोडणी शेवटी, वेगळ्या पळीत, वरून. पाणी निम्मं. आता काही अडचण नाही, असं मला वाटलं. पण झाकण! मी दुकानात गेलो की इकडे आई दर थोड्या वेळानं उचलणार. "जित्तं हाय का बघते." अण्णा दुपारी जेवायला घरी येतात, ते उचलणार, "वास येतो का बघतो." शेजारच्या मालनबाई वाटीभर साखर मागायला येणार आणि साखर राहिली बाजूला. सिडकोतली घरं ती, भिंतीला भिंत, मालनबाई आमच्याकडे राहायलाच असल्यासारख्या. मी दुकानातून फोन करतोय, आई, कोणी झाकण उचलू नका! "नाय रे बाबा, कोण उचलतंय!" आणि मला फोनवर झाकण ठेवल्याचा आवाज येतोय! तेजस्विनीनं ठसठशीत कागद लिहून चिकटवला, "झाकण उचलू नये." तो वाचायला आई चष्मा लावून जवळ गेली, वाचला, आणि उचलू नये असं आत आहे तरी काय म्हणून उचललं!

पुढचा शुक्रवार मी विसरणार नाही. हरभऱ्याची उसळ होती. भिजवलेले, निवडलेले, सगळं व्यवस्थित. योगिनी त्या दिवशी उशिरा आली, कंपनीत काहीतरी ऑडिट होतं, चेहरा उतरलेला. पहिला घास घेतला आणि कट्! हरभरा! आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती नुसती ताटाकडे बघत बसली आणि हळूच म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यांचे हाल चाललेत. महिना संपला की मी सांगून टाकते त्यांना." तुम्हाला सांगतो, मला कोणी मुस्काटात मारली असती तर चाललं असतं. कारण तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती पुन्हा तशीच झाली होती, आधीसारखी, अबोल.

मी म्हटलं, आठ दिवस दे. फक्त आठ दिवस.

आणि काय चमत्कार! सोमवारपासून सगळं बदललं! आमटी अशी की बोटं चाटावीत. वाल मऊ, पण अख्खे. मंगळवारी डाळ-मेथी, काय तिची चव! मी रात्री घरी येतो, झाकण उचलतो, माझ्यापुरती परवानगी होती, आणि बघतो तर रंग, तर्री, सगळं जागच्या जागी. फोडणीसुद्धा मी घालायच्या आधीच घातलेली! म्हटलं, आई, फोडणी कोणी घातली? "मीच, पळीभर. बसून घातली." बसून घातली ना, मग ठीक. योगिनी जेवते, दुसऱ्यांदा वाढून घेते, पुन्हा बेअरिंगांच्या गोष्टी सांगते, मधेच ताटाकडे बघून गप्प होते, मला वाटलं दमली असेल. आणि मी? मी काय विचारता! छाती बाहेर! दुकानात गिऱ्हाईक कुकर घेऊन आलं की मी म्हणायचो, "ताई, रबर बदलून देतो, पण खरं सांगू? स्लो कुकर घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, झाकण उचलू नका." अण्णा काउंटरमागून डोळे वटारायचे. बरोबर आहे, कुकर रिपेअरीच्या दुकानात बसून मी बिनशिट्टीचा प्रचार करत होतो! आठ दिवस गेले, महिना गेला, योगिनीनं नोकरी सोडायचं नाव काढलं नाही.

आणि एके दिवशी दुपारी मालनबाई दुकानात. पिशवीतून कुकर काढला, धाडकन काउंटरवर ठेवला. "महेशभाऊ, आमच्या मेल्याला शिट्टीच होत नाही बघा. आणि तुमच्या घरचा बघा! रोज दुपारी दोनला कसा ठणठणीत चार शिट्ट्या देतो! भिंतीपलीकडून ऐकून मला चहाची वेळ कळते."

मी म्हटलं, कोणता? आमचा?

"म्हणजे काय! रोज. रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असता ना."

माझ्या हातातली शिट्टी खाली पडली. अण्णांनी एकदम वळून रबरं मोजायला घेतली. त्या माणसानं जन्मात कधी रबरं मोजली नाहीत! दुपारी जेवायला घरी कोण येतं? अण्णा! म्हणजे यांनाही माहीत! मी स्कूटर काढली. मुंबई नाक्याला ही गर्दी, पण मी कसा पोचलो मला माहीत नाही. दार ढकललं, आत गेलो, आणि बघतो तर काय? माझी आई, एक हात ओट्यावर टेकून, एक पाय उचलून धरून, गॅसपुढे उभी! गॅसवर आमचा जुना कुकर, फुस्स करतोय. बाजूला माझा स्लो कुकर, रिकामा, झाकण उघडं! रोज दुपारी माझी भाजी त्यातून काढायची, कुकरला लावायची, चार शिट्ट्या, फोडणी, आणि परत माझ्या भांड्यात ओतून झाकण ठेवायचं! आणि मी महिनाभर अख्ख्या भांडीबाजाराला सांगत होतो!

म्हटलं, आई! हे काय! योगिनी काय म्हणाली होती? तू उभी राहिलीस तर ती नोकरी सोडेल!

आई माझ्यावरच खेकसली, "आन् कच्चे हरभरे खाऊन काय करनार होती? तवाबी सोडूनच देनार होती ना! म्हनून तर उभी राहते! पोरगी दिवसभर राबून येते, तिच्या पुढ्यात तुझी मटकीची आंघोळ ठेवू? ती कंपनीतून येते तवा कशी हासत येते, बघितलं का तू? मला ते पाहिजे. माझा पाय गेला तर गेला!"

योगिनी नोकरी सोडू नये म्हणून आई उभी राहते, आणि आई उभी राहिली म्हणून योगिनी नोकरी सोडणार! मी आधी आईला खुर्चीत बसवलं. म्हटलं, आई, ते भांडं शिजवतं गं. खरंच शिजवतं. तुम्ही झाकण उचलू नका, एवढंच. "मला नाय पटत," आई म्हणाली, "आवाज नाय करत त्ये. गप्प बसून कोन काम करतं?" आयुष्यभर गप्प बसून काम केलेली बाई हे मला सांगतेय!

मग मी ठरवलं, एक दिवस. एकच दिवस सगळ्यांनी घराबाहेर राहायचं, कोणी भांड्याला हात लावायचा नाही. आणि मटकी-बिटकी नाही, मटण! शिजलं तर शिजलं, नाहीतर मी स्वतः योगिनीला सगळं खरं सांगणार. बुधवारी सकाळी सहाला उठून मटणवाल्या हबीबभाईंकडे गेलो, ते म्हणाले, "कुकरला की चुलीला?" म्हटलं, तिसऱ्यालाच. घरी येऊन कांदा चिरला, लासलगावचा कांदा, त्यानं मला जे रडवलं! खोबरं भाजलं, काळा मसाला, वाटण परतलं, मटण परतलं, सगळं त्या भांड्यात, खटका लोवर, लाल दिवा लागला. आईला रिक्षात बसवलं, अण्णा मागून कुलूप लावून आले, तेजस्विनी शाळेत, सुटल्यावर तिनंही दुकानातच यायचं. गेलो सगळे दुकानात.

आई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि दर पाच मिनिटांनी, "काय झालं असंल रे त्याचं?" म्हणतेय. तेवढ्यात अण्णा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "काळजी करू नको. घरात काय जळायचं-बिळायचं नाय. मी निघताना मेन स्विच बंद करून आलोय."

मेन स्विच! या माणसानं जन्मभर घर सोडताना मेन स्विच बंद केलाय, लग्नाला जाताना, देवाला जाताना, कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा! मी पुन्हा स्कूटर काढली. पुन्हा मुंबई नाका. घरी आलो, मेन चालू केला, लाल दिवा लागला, वेळ भरून काढायला खटका हायवर केला आणि ओट्यापाशी बसलो. काही कळेना. चालू आहे की नाही? गरम होतंय की नाही? काचेला आतून वाफ धरलेली, दिसत काही नाही. आणि तुम्हाला सांगतो, माझा हात पुढे गेला. झाकणाच्या मुठीवर गेला! मी! ज्यानं फिल्टरवाल्याला ओरडून सांगितलं होतं, अहो, झाकण उचलू नका, तो मी! त्या क्षणी मला आई कळली हो. नुसत्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून बसायचं, हे सोपं नाही.

नाही उचललं. हात मागे घेतला, मांडीखाली दाबून धरला आणि कान लावला भांड्याला. बराच वेळ काही नाही. मग एक बुडबुडा. मग पुन्हा शांतता. मग दुसरा. इतका बारीक आवाज की रस्त्यावरून रिक्षा गेली तर ऐकू येणार नाही. शिट्ट्यांच्या घरात वाढलेला माणूस मी, अन्न शिजताना नुसतं तेवढंच ऐकायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. लोवर खटका फिरवून, दार लावून मी परत दुकानात गेलो. आईनं विचारलं, "काय करतंय?" म्हटलं, करतंय. हळूहळू करतंय.

संध्याकाळी आई, अण्णा, तेजस्विनी रिक्षातून उतरतायत, मागून मी स्कूटरवर, आणि समोरून योगिनी बसमधून उतरतेय. जिन्यात पाय ठेवला आणि वास! काय वास होता म्हणून सांगू! मालनबाई दारात उभ्या, "महेशभाऊ, आज शिट्ट्या नाही झाल्या, पण हे काय चाललंय तुमच्याकडे?" आत गेलो, सगळे ओट्याभोवती जमले. मी योगिनीला म्हटलं, आता तू उचल झाकण. तिनं उचललं. तर्री वर आलेली, मटण चमच्यानं सुटत होतं. आईनं बोटावर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. अण्णा, तेजस्विनी, मी, सगळे आईकडे बघतोय. आईनं डोळे उघडले आणि आनंदाच्या भरात बोलून गेली, "अगं खरंच शिजलं की गं! आज तर मी हातबी लावला नाय!"

योगिनी म्हणाली, "आज?"

संपलं! अण्णा गॅलरीत गेले. आई पदर तोंडाशी घेऊन माझ्याकडे बघतेय. मी भिंतीकडे बघतोय. योगिनी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आई, मी क्वालिटीत आहे. शुक्रवारी दगडासारखे हरभरे आणि सोमवारी एकदम तुमच्या हातची आमटी, हे मला कळणार नाही का? पहिल्याच घासाला कळलं." म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर तिचे डोळे भरून आले. "रोज बसमधून उतरताना ठरवायचे, आज बोलायचं आणि नोकरी सोडायची. आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस. मला तिथे जायला आवडतं हो. हावरटपणा केला मी. आईंचा पाय दुखत होता आणि मी गप्प बसून जेवत होते."

आई उठली. लंगडत तिच्याजवळ गेली, डोक्यावर हात ठेवला. "कर की हावरटपना," म्हणाली. "आमी कुनी केला नाय कधी. तू कर."

थांबा, घोटभर पाणी पितो.

तर तहनामा असा झाला, की उंच स्टूल दुकानातून घरी आणायचं, फोडणी आईनं त्यावर बसून घालायची, फोडणीवर तिचा हक्क. दुपारच्या शिट्ट्या बंद. मेन स्विचला अण्णांनी हात लावायचा नाही. आणि सकाळचं सगळं माझ्याकडे. कारण तुम्हाला सांगतो, हे रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही, स्लो कुकर स्वतःहून शिजवतो, पण स्वतःहून निवडत नाही, चिरत नाही, सोलत नाही! रात्रीचा त्रास वाचतो तो कुठे जातो? सकाळी सहाला येऊन उभा राहतो! पण जमलं हो. भाजी मऊ होते, रस्सा दाट होतो, सगळे एकत्र जेवतो, आणि योगिनी बोलते. आता मलाही बेअरिंग म्हणजे काय ते थोडं थोडं कळायला लागलंय.

मागच्या आठवड्यात ती कायम झाली. संध्याकाळी पेढे घेऊनच आली, देवापुढे ठेवले, सगळ्यांच्या पाया पडली, अण्णांनी डोळे पुसले आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाले. मग आईनं एक पेढा उचलला, माझ्यासमोर आली, मला खालून वर नीट न्याहाळलं आणि पेढा माझ्या तोंडात कोंबला. म्हणाली, "तुझेबी सहा महिने झाले. बरा करतो आता. आजपासून तूबी कायम."

म्हटलं, अगं आई, मला वाटलं होतं थोडेच दिवस... पण तोंडात पेढा! योगिनी हसतेय, तेजस्विनी टाळ्या वाजवतेय, कोण ऐकतंय माझं? तिला कायम करताना कंपनीनं पगारवाढ दिली. मला आईनं पाव किलो लसूण दिला, सकाळी सहापर्यंत सोलून ठेवायला.